भातुकलीतला ओळंबा
‘द सिम्स’मधल्या लपलेल्या तपशिलांचं एक वाचन

संगणकावरच्या खेळांत रचनाकारांनी मुद्दाम लपवून ठेवलेल्या गोष्टींना ‘ईस्टर एग’ म्हणतात. या परंपरेतलं सर्वांत गाजलेलं उदाहरण अटारी कंपनीच्या ‘अ‍ॅडव्हेंचर’ (१९८०) या खेळातलं आहे. खेळ रचणाऱ्याचं नाव जाहीर करायचं नाही, असं त्या कंपनीचं धोरण होतं. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरनं मग खेळातच एक गुप्त खोली बांधली आणि तिच्यात आपलं नाव लिहून ठेवलं. आज गंमत म्हणून सांगितली जाणारी ही गोष्ट मुळात नाव नाकारलं गेल्याची तक्रार होती.

पुढे अशा गोष्टींच्या याद्या होऊ लागल्या. ‘तुम्हाला हे माहीत आहे का’ या थाटात त्या सांगितल्या जातात आणि विसरल्याही जातात. यादीचा दोष असा, की ती प्रत्येक तपशील सुटा करते. जुन्या देवळातली शिल्पं एकेक उचलून काचेच्या कपाटात ठेवावीत, तसं होतं. शिल्प दिसतं, पण ते कुठल्या भिंतीवर होतं आणि कुणाकडे तोंड करून होतं, हे हरवतं. प्रस्तुत लेखात एकाच खेळातले असे काही तपशील पुन्हा त्यांच्या भिंतीवर बसवून पाहायचे आहेत. खेळ आहे ‘द सिम्स’. घर बांधायचं, माणसं वसवायची, त्यांना खाऊ घालायचं, नोकरीला पाठवायचं, नव्या वस्तू घ्यायच्या, असा हा वरवर अगदी साधा आणि काहीसा हावरा खेळ. माझं म्हणणं एवढंच, की त्याचे लपलेले तपशील एकत्र वाचले तर वरच्या खेळाशी वाद घालणारा दुसरा एक आवाज ऐकू येतो, आणि तो आवाज पुढच्या आवृत्त्यांत क्षीण का झाला, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

जळालेलं घर

२० ऑक्टोबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराच्या टेकड्यांवर वणवा पेटला. २५ माणसं मेली, हजारो घरं जळाली. त्यांतलं एक घर विल राइट यांचं होतं. ‘सिमसिटी’ (१९८९) या खेळामुळे ते तोवर प्रसिद्ध झाले होते. संसार शून्यापासून पुन्हा उभा करताना कुठली वस्तू आधी घ्यावी लागते, कुठल्या वस्तूची आठवणही येत नाही, हे त्यांनी पाहिलं आणि त्यातून नव्या खेळाच्या कल्पनेला आकार आला, असं त्यांनी वेळोवेळी सांगितलं आहे.

दुसरा धागा पुस्तकाचा. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं ‘अ पॅटर्न लँग्वेज’ हे १९७७ सालचं पुस्तक शहराच्या रचनेपासून खिडकीतल्या बैठकीपर्यंत २५३ आकृतिबंध मांडतं. इमारत दिसते कशी यापेक्षा तिच्यात माणूस राहतो कसा, ही त्याची कसोटी. राइट यांना प्रथम हवा होता तो घर बांधण्याचाच खेळ. खेळाडूनं घर बांधायचं आणि आत सोडलेल्या चिमुकल्या माणसांच्या सुखदुःखावरून त्या घराला गुण मिळायचे. माणसं परीक्षकाच्या जागी होती. हळूहळू परीक्षकच घरापेक्षा जास्त रंजक आहेत हे लक्षात आलं आणि खेळाचं केंद्र बदललं. मॅक्सिस या कंपनीत या प्रकल्पाला ‘डॉलहाउस’ म्हणत. वरिष्ठांना तो पटला नाही. बाहुलीघर कोण विकत घेणार, हा त्यांचा प्रश्न होता. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्‌सनं मॅक्सिस विकत घेतली, प्रकल्प तगला आणि ४ फेब्रुवारी २००० रोजी खेळ बाजारात आला. मार्च २००२ पर्यंत ६३ लाखांच्या आसपास प्रती खपून तो तोवरचा सर्वाधिक विकला गेलेला संगणकीय खेळ ठरला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’नं पहिल्यांदा १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांतही तो होता.

मूळ कल्पनेच्या दोन खुणा खेळात शिल्लक राहिल्या. पहिली खूण गरजांच्या यादीत आहे. प्रत्येक सिमला आठ गरजा असतात: भूक, आराम, स्वच्छता, लघवी, झोप, करमणूक, सहवास आणि आठवी ‘खोली’. पहिल्या सात गरजा कुठल्याही जिवंत माणसाच्या. आठवी मात्र चमत्कारिक आहे. खोलीत उजेड किती, केर किती, भिंतीवर काही आहे का, यावर ती पट्टी चढते-उतरते. घराला गुण देणारा परीक्षक माणूस झाल्यावरही आपलं जुनं काम विसरलेला नाही.

दुसरी खूण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे आणि म्हणूनच लपलेली. ज्या सिमला आपण चालवत असतो त्याच्या डोक्यावर एक हिरवा, दोन्ही टोकांना निमुळता स्फटिक तरंगत असतो. मूड बिघडला की तो तांबडा होतो. टोप्यांवर, कपांवर, जाहिरातींत झळकणारी या खेळाची निशाणी ती हीच. तिचं नाव ‘प्लंबबॉब’, म्हणजे आपल्या गवंड्याचा ओळंबा. भिंत सरळ उभी आहे की कलली आहे हे पाहण्यासाठी दोरीला बांधून सोडतात तो. घराची भिंत तपासण्याचं हत्यार या खेळानं माणसाच्या डोक्यावर टांगलं. ‘डॉलहाउस’ची हेटाळणी करणाऱ्यांना जे कळलं नव्हतं ते आपल्याकडे भातुकली खेळलेल्या कुणालाही कळेल. चूल मांडण्यापेक्षा त्या चुलीभोवती कोण कुणाशी कसं वागतं, याचाच तो खेळ असतो.

आणि आग? ती खेळात आहेच. स्वयंपाक न शिकलेला सिम शेगडीपाशी गेला की ती पेटू शकते. अशा वेळी घरातली माणसं पळून जात नाहीत. आगीभोवती गोळा होऊन हात वर करून किंचाळत राहतात. खेळाडूला ते हास्यास्पद वाटतं. ज्याचं घर खरोखर जळलं त्यानं ते रचलेलं आहे, हे कळल्यावर हसू जरा अडखळतं.

वस्तूंची हाक

राइट यांनी १९९१ मध्ये ‘सिमअँट’ नावाचा मुंग्यांचा खेळ काढला होता. बर्ट हॉल्डॉब्लर आणि ई. ओ. विल्सन यांचा ‘द अँट्‌स’ हा ग्रंथ त्याच्या मुळाशी होता. एकटी मुंगी फारशी शहाणी नसते. शहाणपण तिच्या वाटेवर पसरलेल्या वासांत असतं. हेच तत्त्व ‘द सिम्स’च्या पोटात आहे, आणि मला वाटतं, या खेळातलं सर्वांत अर्थपूर्ण गुपित हेच आहे.

सिम्सना अक्कल जवळजवळ नाहीच. ती वस्तूंमध्ये आहे. फ्रिज सतत आजूबाजूला सांगत असतो, ‘मी भूक भागवतो’. दूरदर्शन संच सांगतो, ‘माझ्याकडे करमणूक आहे’. पलंग झोपेची ग्वाही देतो. सिम या सगळ्या हाका ऐकतो, आपल्या गरजांशी आणि वस्तूच्या अंतराशी त्यांचा ताळा घालतो आणि वरच्या काही पर्यायांतून एक जवळपास चिठ्ठ्या टाकून निवडतो. नेहमी सर्वोत्तम पर्यायच निवडला तर तो यंत्र वाटेल, म्हणून ही चिठ्ठी. रचनाकारांनी वस्तूच्या या हाकेला दिलेलं नाव आहे ‘जाहिरात’.

तांत्रिक सोय मोठी होती. नवी वस्तू आपली वागणूक स्वतःबरोबर घेऊन येते. तिला कसं वापरायचं हे सिमला शिकवावं लागत नाही. म्हणूनच २००० ते २००३ या काळात पहिल्या खेळाला सात जोडखेळ लावता आले. पण सोयीबरोबर एक जगही आलं. या जगात वस्तू बोलावतात आणि माणसं जातात. बाजारात आपण वस्तू निवडतो असं आपल्याला वाटतं. या खेळाच्या यंत्रणेत मात्र वस्तूच माणसाला निवडते, आणि तिच्या त्या क्रियेला ‘जाहिरात’ हेच नाव आहे.

त्याच्या जोडीला दुसरा एक तपशील ठेवू. खेळाच्या घडणीच्या काळात सिम्स स्वतःची काळजी इतकी चोख घेऊ लागले होते, की खेळाडूला करण्यासारखं काही उरत नव्हतं. मग त्यांना मुद्दाम थोडं बावळट करावं लागलं, असं राइट यांनी सांगितलं आहे. माणूस गरजू आणि गोंधळलेला राहिला तरच खेळ चालतो, हे त्यातून उघड झालं.

खरेदीच्या व्यवस्थेत तर टीका स्पष्टच आहे. खरेदीची खिडकी उघडली की खेळातला काळ थांबतो आणि जेरी मार्टिन यांच्या चमूनं रचलेलं, मोठ्या दुकानांत वाजतं तसं गुळगुळीत संगीत सुरू होतं. जोवर आपण वस्तू पाहत असतो तोवर कुणाला भूक लागत नाही, कुणी थकत नाही. खिडकी बंद झाली की सगळ्या पट्ट्या पुन्हा घसरू लागतात. या संसारात विसाव्याचा क्षण फक्त खरेदीचा. एरवी विसावा नाही. पहिल्या खेळात रविवारच नाही, नोकरीची गाडी रोज दारात येते. बढतीसाठी कौशल्यांबरोबर ठरावीक संख्येनं मित्र लागतात आणि न भेटलेली मैत्री दिवसागणिक झिजते, म्हणून माणसं पदासाठी मित्रांना जेवायला बोलावतात. मुलं कधी मोठी होत नाहीत, मोठे कधी म्हातारे होत नाहीत. बंगला जसा वाढतो तशा वस्तू मोडतात, मळतात, दुरुस्ती मागतात. जास्त वस्तू म्हणजे जास्त वेळ खाणारे टाइमबाँब, हे राइट यांचं स्वतःचं विवेचन आहे.

‘लिव्हिन लार्ज’ (२०००) या पहिल्या जोडखेळातला दुःखी विदूषक याच व्यवस्थेचं टोक आहे. विदूषकाचं एक चित्र विकत घेऊन भिंतीवर लावता येतं. घरातली माणसं खचली, की चित्रातला तो विदूषक घरात येतो, त्यांना हसवायला धडपडतो आणि प्रत्येक प्रयत्नागणिक त्यांना अधिकच खिन्न करतो. मन रमावं म्हणून आणलेली वस्तूच घरात ठाण मांडून बसते. कितीतरी खेळाडूंना तो नुसता वैताग वाटला. पण आपल्या घरातल्या किती वस्तू याच विदूषकाच्या कुळातल्या आहेत, हे ज्याचं त्यानं मोजावं.

उरुग्वेचे अभ्यासक गोन्सालो फ्रास्का यांनी २००१ मध्येच, ‘गेम स्टडीज’ या नियतकालिकाच्या पहिल्या वर्षी, या खेळाच्या उपभोगवादाचा प्रश्न उपस्थित केला होता. हे विडंबन आहे की भलामण? शंका रास्त आहे. विडंबन न कळताही हा खेळ उत्तम खेळता येतो, आणि बहुतेकांनी तो तसाच खेळला. विडंबन लपलेलं असलं की ते विकणाऱ्याच्याही सोयीचं असतं. तरीही एके ठिकाणी खेळ आपला हात उघड करतो, आणि ती जागा नेमकी फुकट पैसे मागण्याची आहे.

दोन परवलीचे शब्द

खेळात आडवाटेनं लाभ मिळवून देणाऱ्या शब्दाला ‘चीट कोड’ म्हणतात. पहिल्या ‘द सिम्स’मध्ये एक शब्द टंकला की घराच्या तिजोरीत एक हजार सिमोलियन जमा होत. तो शब्द ‘रोजबड’. पुढे अर्धविरामांची आणि उद्गारचिन्हांची माळ लावली की तीच आज्ञा पुन्हा पुन्हा पाळली जाई. एका पिढीनं ही माळ जपासारखी पाठ केली होती.

ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ (१९४१) पाहिलेल्यांना हा शब्द परिचित आहे. अफाट संपत्ती आणि वस्तूंनी खच्चून भरलेला महाल मागे ठेवून मरणाऱ्या माणसाचा तो अखेरचा उच्चार. त्याचा अर्थ शोधण्यात सगळा चित्रपट जातो. शेवटी प्रेक्षकाला कळतं, की ते लहानपणी घराबरोबर सुटलेल्या एका घसरगाडीचं नाव होतं. म्हणजे आणखी वस्तू घेण्यासाठी फुकटचे पैसे मागताना खेळाडू ज्याचं नाव घेत होता, ती महालभर वस्तूंनी न भरलेली पोकळी होती.

पण ‘रोजबड’ हा पहिला शब्द नव्हे. खेळाच्या अगदी पहिल्या आवृत्तीत याच कामासाठी ‘क्लापॉशियस’ हा शब्द होता. दुरुस्तीच्या आवृत्तीत तो बदलला. क्लापॉशियस हे पोलिश लेखक स्टॅनिस्लाव लेम यांच्या ‘सायबेरियाड’ (१९६५) या कथामालेतलं पात्र. त्रुर्ल आणि क्लापॉशियस हे दोघं विश्वनिर्मितीपर्यंत मजल मारणारे यंत्रकार. त्यांच्या एका कथेत राज्यातून हाकलून दिलेल्या एका जुलमी राजाची त्रुर्लला दया येते. राजाची सत्तेची हौस भागावी आणि कुणाला इजाही होऊ नये, म्हणून तो त्याला एका पेटीत मावणारं कृत्रिम राज्य करून देतो. आत शहरं, प्रजा, बंडं, शिक्षा, सगळं. खुशीत घरी येऊन तो हे मित्राला सांगतो. क्लापॉशियस हादरतो. पेटीतली प्रजा खऱ्या माणसांसारखी तळमळत असेल, तर तिची तळमळ खोटी कशावरून? आकारानं लहान आहे म्हणून? आपण केलेली आहे म्हणून? दोघं परत धाव घेतात तेव्हा प्रजेनं पेटी केव्हाच ओलांडलेली असते आणि राजाची सद्दी संपलेली असते.

ही कथा ‘सिमसिटी’च्या प्रेरणांपैकी एक होती, हे राइट यांच्याकडूनच कळतं. मग ‘क्लापॉशियस’ची निवड सहज झालेली वाटत नाही. पोहणाऱ्या सिमला बाहेर येता येऊ नये म्हणून तलावाची शिडी काढून घेणं, खोलीचं दारच काढून टाकून आतल्याला उपाशी मारणं, हे प्रकार खेळाडूंनी कसे आणि किती केले, हे जगजाहीर आहे. प्रत्येक खेळाडू लेमच्या राजाच्या आसनावर बसलेला असतो. आणि पेटीच्या तोंडाशी, पैशाच्या खिडकीतच, ‘यांचं दुःख खोटं कशावरून?’ असं विचारणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. पुढच्या आवृत्त्यांत आणखी मोठ्या रकमेसाठी ‘मदरलोड’ हा शब्द आला. मदरलोड म्हणजे खाणीतली सोन्याची मुख्य शीर. क्लापॉशियस, मग रोजबड, मग मदरलोड. प्रश्नाकडून पश्चात्तापाकडे आणि तिथून निव्वळ घबाडाकडे. आवाज क्षीण होतो तो असा, एकेका शब्दानं.

न कळणारी भाषा, न लिहिलेलं चुंबन

सिम्स बोलतात ती ‘सिमलिश’ कुठलीही खरी भाषा नाही. नवाहो, युक्रेनियन, टागालोग अशा भाषांचे नाद तपासून झाले. अखेर स्टीफन किअरिन आणि जेरी लॉलर या उत्स्फूर्त अभिनय करणाऱ्या दोन कलावंतांनी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ती बडबडीतून घडवली. खरी वाक्यं वापरली असती तर दहाव्यांदा ऐकताना ती निर्जीव वाटली असती. निरर्थक नादात मात्र खेळाडू आपापला अर्थ भरतो. चेहरा जितका कमी तपशिलात रेखाटावा तितका वाचक त्यात स्वतःला पाहतो, हे स्कॉट मॅक्‌क्लाउड यांच्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) मधलं प्रतिपादन राइट यांना प्रिय होतं. सिमलिश हे त्याचंच ध्वनिरूप. ‘सुल सुल’ म्हणजे नमस्कार, ‘डाग डाग’ म्हणजे येतो, ‘नूबू’ म्हणजे बाळ. कोशात एवढेच मोजके शब्द, पण भांडण आहे की मनधरणी हे भाषा न कळताही कळतं. केटी पेरी, डिपेश मोड यांच्यासारख्यांनी आपली गाणी या भाषेत पुन्हा गायली.

सिमलिश पहिल्यांदा कानी पडली ती मॅक्सिसच्याच ‘सिमकॉप्टर’ (१९९६) या खेळात. आणि त्याच खेळात एक स्फोटक गुपित होतं. जॅक सर्व्हिन या प्रोग्रॅमरनं त्यात पोहण्याच्या चड्डीतले, एकमेकांचं चुंबन घेणारे पुरुष लपवले होते. ते क्वचितच दिसावेत अशी योजना होती, पण हिशेब चुकला आणि ते वारंवार दिसू लागले. प्रती दुकानांत पोचल्यावर प्रकार उघड झाला आणि सर्व्हिन यांची नोकरी गेली.

तीन वर्षांनंतरची घटना याच्यासमोर ठेवून पाहावी. ‘द सिम्स’च्या घडणीत समलिंगी नात्यांची कल्पना मांडली गेली, वादही झाला आणि ती वगळण्याचं ठरलं. पॅट्रिक बॅरेट या नव्यानं रुजू झालेल्या प्रोग्रॅमरच्या हाती मात्र आराखड्याचा जुना कागद पडला. त्यात ती नाती होती. त्यानं ती जशीच्या तशी उतरवली. मे १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात खेळाचं प्रात्यक्षिक झालं. दाखवायचा प्रसंग लग्नाचा होता. वधूवरांच्या हालचाली ठरवलेल्या होत्या, पण सगळ्या पाहुण्यांच्या ठरवायला वेळ मिळाला नव्हता. ते आपल्या मर्जीनं वागत होते. पत्रकारांच्या देखत पाहुण्यांमधल्या दोन स्त्रियांनी एकमेकींचं चुंबन घेतलं. त्या दोघींना कुणी तसं करायला सांगितलेलं नव्हतं. प्रदर्शनात सर्वाधिक चर्चा त्याचीच झाली आणि खेळ बाजारात आला तो ही मुभा ठेवूनच.

दोन्ही चुंबनांत फरक आहे तो लपवण्याच्या पद्धतीचा. सर्व्हिननं चित्र लपवलं होतं, बॅरेटनं नियम लिहिला होता. चित्र काढून टाकता येतं. नियम मात्र खेळाच्या श्वासात असतो. पहिल्या खेळानं सिमच्या अंगावर आवडीनिवडीची चिठ्ठी चिकटवलीच नाही. कुणाशी जुळतं ते वागण्यातून घडत जाई. अर्थात मोकळीक पुरी नव्हती. पहिल्या खेळात समलिंगी जोडप्यांना एकत्र राहता येई, लग्न करता येत नसे. दुसऱ्यात त्यांच्या बंधनाला वेगळं नाव होतं. २००९ च्या तिसऱ्या खेळात ते सरसकट लग्न झालं. बदलता कायदा खेळाच्या नियमांतूनही वाचता येतो, तो असा.

बेला कुठे गेली?

२००४ मधल्या ‘द सिम्स २’नं या जगाला वय, मृत्यू, वंशावळ आणि आठवणी दिल्या. प्रत्येक पात्राच्या नावावर त्याच्या आठवणींची यादी असते. त्यामुळे खेळाडूला एक नवीनच उद्योग लागला, दप्तर चाळण्याचा. स्ट्रेंजटाउन नावाच्या वाळवंटी गावात ऑलिव्ह स्पेक्टर नावाची म्हातारी राहते. तिच्या अंगणात थडगी आहेत. आठवणी वाचत गेलं की तिच्या भोवती किती जण मेले ते कळतं. शेजारच्या शास्त्रज्ञांच्या घरात ‘नर्व्हस सब्जेक्ट’ नावाचा एक भेदरलेला तरुण प्रयोगासाठी ठेवलेला आहे. त्याची वंशावळ काढली तर आई ऑलिव्ह आणि बाप साक्षात मृत्यू. हे कुणी निवेदक सांगत नाही. जुन्या वाड्यातली कागदपत्रं लावून घराण्याची हकिगत जुळवावी, तशी ती जुळवावी लागते.

सर्वांत मोठं कोडं बेला गॉथचं. मॉर्टिमर, बेला आणि त्यांची लेक कॅसँड्रा हे पहिल्या खेळातलं सर्वपरिचित कुटुंब. दुसरा खेळ २५ वर्षांनंतरचा. नवरा म्हातारा झाला आहे, लेक लग्नाच्या उंबऱ्यावर आहे आणि बेला नाहीशी झाली आहे. परग्रहवासीयांनी तिला नेलं असावं, अशा खुणा पेरलेल्या आहेत. आणि मग शेकडो खेळाडूंना स्ट्रेंजटाउनच्या रस्त्यावर लाल पोशाखातली एक स्त्री दिसली. नाव बेला गॉथ. तिच्या आसपास गॉथ घराण्यातलं कुणीही नाही आणि खेळाच्या रचनेत त्या दोन गावांना जोडणारा रस्ताच नाही. घरचे तिची वाट पाहतात, ती जिवंत आहे, हे फक्त आपल्याला माहीत, आणि सरळ वाटेनं तिला घरी पोचवणं आपल्याला शक्य नाही.

खेळाडूला सर्वशक्तिमान मानणाऱ्या खेळात ही असहायता मोलाची आहे. काळ नव्हता तेव्हा हानीही नव्हती. काळ आला आणि त्याच्याबरोबर पहिली गोष्ट घडली ती घरची बाई हरवण्याची. तिसऱ्या खेळानं पहिल्याच्याही २५ वर्षं मागे जाऊन बेलाला लहान मुलगी म्हणून दाखवलं. ते चटका लावणारं आहे, कारण तिच्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय ते आपल्याला ठाऊक असतं. चौथ्या खेळात (२०१४) मात्र काळाचा वेगळाच फाटा धरून बेला नवऱ्यामुलांसह घरात बसलेली आहे. कोडं सुटलं नाही, पुसलं गेलं.

फॅशन स्ट्रीट आणि पाकीट

चौथ्या खेळात आपल्या ओळखीच्या खुणा वाढल्या. २०१६ च्या ‘सिटी लिव्हिंग’ या जोडखेळातल्या शहरात गीता आणि राज रसोया राहतात. हिंदी जाणणाऱ्याला त्या आडनावात ‘रसोइया’, म्हणजे स्वयंपाकी, ऐकू येतो. त्याच शहरातल्या जुन्या बाजारात भावात घासाघीसही करता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तर थेट मुंबई आली. आझाद मैदानाजवळच्या महात्मा गांधी रस्त्यावरच्या ‘फॅशन स्ट्रीट’वरून स्फूर्ती घेतलेलं त्याच नावाचं पाकीट कंपनीनं विकायला काढलं.

आपले कपडे, आपले रंग त्या जगात दिसणं ही लहान गोष्ट नाही. ज्यांना खेळात कधी स्वतःसारखं कुणी दिसलं नव्हतं त्यांना याचं मोल विचारावं. पण वाचन इथं थांबू नये. या पाकिटात फक्त कपडे आहेत. रस्ता नाही, टांगलेल्या शर्टांचे गाळे नाहीत, ‘शेवटचा भाव बोला’ म्हणणारा विक्रेता नाही. कपडे बदलायला चौथ्या खेळातल्या सिमला एक सिमोलियनही लागत नाही. सुमारे पाच डॉलर मोजतो तो खेळाडू, तेही ठरल्या भावानं. घासाघिशीसाठी प्रसिद्ध असलेला रस्ता जिथं घासाघीस करता येत नाही अशा दुकानात विकला गेला. पहिल्या खेळात फ्रिज सिमला हाक मारत होता. आता पाकीट खेळाडूला हाक मारतं. विडंबनाचा विषय हाच धंद्याचा नमुना झाला, आणि म्हणून क्लापॉशियसला तिथं जागा उरली नाही.

तो पुरता गप्प झाला असं मात्र नाही. २००९ मध्ये रॉबिन बर्किन्शॉ या इंग्लंडमधल्या गेम-रचनेच्या अभ्यासकानं ‘द सिम्स ३’मध्ये केव आणि अ‍ॅलिस हे बापलेक बेघर ठेवले आणि त्यांची हकिगत चित्रांसह क्रमशः लिहिली. बाप तऱ्हेवाईक आणि तापट, मुलगी मायाळू. ती बाकांवर झोपते, दुसऱ्यांच्या घरी चार घास खाते, शाळेत पेंगते. लेखक शक्य तितका त्यांच्या मध्ये पडत नाही. मोठी झाल्यावर अ‍ॅलिस नोकरी धरते. कमाई हाती येते आणि तिच्या इच्छांच्या यादीत खेळाकडूनच एक नवी इच्छा उगवते: हे पैसे दान करावेत. बर्किन्शॉनं ती इच्छा पुरी केली. घर नसलेल्या मुलीची कमाई गेली.

ती इच्छा काही गुणांच्या गणितातून आली, हे खरं. तिथं कुणी मन नव्हतं, हेही खरं. तरी वाचणारे हेलावले आणि लिहिणारा आपल्याच पात्रापुढे थबकला. पेटीतल्या माणसाचं दुःख खरं की खोटं, या लेमच्या प्रश्नाचं उत्तर कुठलाही खेळ देणार नाही. शिडी काढून घेणारा हात आणि अ‍ॅलिसचे पैसे देऊन टाकणारा हात एकाच आसनावरून पुढे येतो, एवढं मात्र या खेळानं दाखवून ठेवलं आहे. ओळंबा सिमच्या डोक्यावर दिसत असला, तरी तपासली जाते ती त्या आसनाची भिंत.